बॅटरीला थंडी वाजते

गाडी बिघडली याचा सेक्रेटरींना राग आला नव्हता. वस्तू आहे, बिघडायचीच. राग आला तो ती ज्या पद्धतीने बिघडली त्याचा. जुन्या गाड्या बिघडायच्या तेव्हा खोकायच्या, गुरगुरायच्या, धूर सोडायच्या. माणसाला कळायचं की हिला काहीतरी म्हणायचं आहे. ही गाडी त्या सोमवारी सकाळी काहीच म्हणाली नाही. समोरच्या काचेवर दव गोठलेलं, सेक्रेटरींच्या हातात हातमोजे, तोंडातून वाफ. त्यांनी बटण दाबलं. गाडीने होते नव्हते तेवढे सगळे दिवे एकदम लावले, क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले.

सेक्रेटरी म्हणजे खरं तर माजी सेक्रेटरी. इमारतीचं सेक्रेटरीपद त्यांनी इतकी वर्षं सांभाळलं होतं की मागच्या निवडणुकीत ते पडले तरी लोकांच्या तोंडातून नाव गेलं नाही. जे निवडून आले त्यांना सगळे ‘नवे सेक्रेटरी’ म्हणत आणि यांना नुसतं ‘सेक्रेटरी’. आयुष्यात मतं न मिळता मिळालेला त्यांचा हा एकमेव विजय होता, आणि तो ते जपून वापरत.

सोमवारी गाडी बंद पडली आणि शुक्रवारी सकाळी आठ वाजता ताईला डोळ्यांच्या हॉस्पिटलात पोचवायचं होतं. ताई म्हणजे त्यांची मोठी बहीण, त्यांच्याकडेच राहणारी. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. विणकाम हा तिचा एकच उद्योग. पण टाके दिसेनासे झाल्यापासून ती बोटांनी चाचपत विणायची, आणि मग उसवायची, आणि मग सुया मांडीवर ठेवून नुसती बसायची. हे बसणं सेक्रेटरींना बघवत नसे. बघवत नसे म्हणून ते चिडत. तारीख मिळायला अर्धं वर्ष गेलं होतं. ही हुकली तर पुढची उन्हाळ्यात.

आता कुणी म्हणेल, टॅक्सी करा. टॅक्सीत सुवासाची बाटली लटकवलेली असते आणि त्या वासाने ताईला दुसऱ्या वळणालाच उलटी होते. वरच्या मजल्यावरच्या बँकवाल्यांनी एकदा मोठ्या मनाने आपली गाडी दिली होती. त्यानंतर त्यांनी सीटची कव्हरं बदलली आणि तो विषय पुन्हा काढला नाही. ताईला ही एकच गाडी मानवत असे, कारण ती धक्का न देता, आवाज न करता सुटायची. पेट्रोलवरही चालणारी आणि विजेवरही. म्हातारी झाली होती, पण वागणूक चांगली होती. म्हणजे सोमवारपर्यंत होती.

पहिला सल्ला अर्थातच बँकवाल्यांचा आला. ते कुठे काही बंद पडलं की वासावर येत.

“थंडी,” ते गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले. “हिच्यात दोन बॅटऱ्या असतात, सेक्रेटरीसाहेब. छोटी डिक्कीत, ती गाडीला जागं करते. मोठी मागच्या सीटखाली, ती गाडीला पळवते. थंडीत दोन्ही आखडतात. माणसासारखंच आहे. वय झालं की थंडी सोसत नाही.”

“गाडीचं म्हणताय ना?”

“गाडीचंच. तुमची तब्येत बरी आहे ना?”

सेक्रेटरींनी हातमोजे काढून खिशात कोंबले. त्या आठवड्यात ‘वय झालं’ हे शब्द त्यांनी जितक्या तोंडांतून ऐकले, त्यातलं एकही तोंड ते बोलताना गाडीकडे वळलेलं नव्हतं.

तर छोटी बॅटरी डिक्कीत. डिक्की उघडायची तर तिचं कुलूप विजेवर चालणारं. वीज द्यायची ती छोट्या बॅटरीने. म्हणजे बॅटरी मेली म्हणून डिक्की उघडत नाही, आणि डिक्की उघडत नाही म्हणून मेलेल्या बॅटरीपर्यंत जाता येत नाही. ज्या कुणी हे ठरवलं त्याने घराची किल्ली घरात ठेवून कुलूप लावण्याचा धंदा का केला नाही, असं सेक्रेटरींनी मोठ्याने विचारलं. बँकवाले म्हणाले, “मागची सीट पाडा आणि आतून सरपटत जा.” हे सांगून ते नाश्त्याला गेले.

सत्तरी गाठलेल्या, ब्लेझर घालून सर्वसाधारण सभा चालवलेल्या माणसाने तोंडात टॉर्च धरून गाडीच्या पोटातून सरपटत जावं, हे दृश्य कुणाच्या दृष्टीस पडू नये एवढीच सेक्रेटरींची इच्छा होती. ते कमरेपर्यंत आत शिरले आणि तेवढ्यात कुणीतरी त्यांचा घोटा पकडला.

“कोण आहे आत? चप्पल ओळखीची वाटते.”

नवे सेक्रेटरी. वयाने निम्मे, आवाजाने दुप्पट. तोंडात टॉर्च असल्यामुळे सेक्रेटरींना जे बोलायचं होतं ते बोलता आलं नाही, आणि हे इमारतीच्या शांततेच्या दृष्टीने बरंच झालं. उलटं सरपटत बाहेर येऊन त्यांनी परिस्थिती सांगितली: बॅटरी सापडली आहे, आता स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक वायर टाकतो आणि तिला चार्ज करतो. घर तळमजल्यावरच तर होतं.

“वायर नाही टाकता येणार, सेक्रेटरी. नियम चौदा. पार्किंगमध्ये वाहन धुणे, दुरुस्त करणे किंवा वायर ओढणे यांस सक्त मनाई आहे.”

“हा नियम मी केला आहे.”

“म्हणूनच पाठ आहे. पुढे तुम्हीच लिहिलं आहे, कोणतीही सबब ऐकून घेतली जाणार नाही.”

सेक्रेटरींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नियम चौदा त्यांनी एका विशिष्ट माणसासाठी केला होता, जो रविवारी सकाळी पार्किंगमध्ये स्कूटर उघडून बसायचा. तो माणूस केव्हाच घर विकून गेला. नियम मात्र इथेच राहिला, धडधाकट, आणि आता आपल्याच बापाच्या अंगावर येत होता. नव्या सेक्रेटरींचं म्हणणं असं की अर्ज द्या, महिनाअखेरच्या बैठकीत ठेवतो.

शेवटी बॅटरी सोडवून घरात आणावी लागली. ती दिसायला छोटी, उचलायला दगड. वास येतो म्हणून तिला हॉलमध्ये ठेवता येईना, ओलावा चालत नाही म्हणून ओट्यावर ठेवता येईना. न्हाणीघरातल्या कोरड्या कोपऱ्यात स्टुलावर ती विराजमान झाली, चार्जरचा लाल दिवा लुकलुकवत.

“अहो, मी आंघोळ कुठे करायची?” बायकोने विचारलं.

“तिच्याशेजारी. ती बघत नाही.”

“तुमच्या या गाडीपायी एक दिवस मी माहेरी जाईन.”

“कशाने जाशील?” सेक्रेटरी म्हणाले. “गाडी बंद आहे.” बायको त्यावर बुधवारपर्यंत बोलली नाही. खरं तर तिचंही चुकलं नव्हतं, दोन दिवस तिने हातपाय धुऊन भागवलं.

बुधवारी चार्ज झालेली बॅटरी जागेवर बसली. गाडी जागी झाली. पण जागी होताना तिने समोर एक लाल त्रिकोण लावला आणि त्यात उद्गारचिन्ह. सेक्रेटरींना स्वतःवर कुणी उद्गारचिन्ह रोखलेलं आवडत नाही. त्यांनी गाडीचं माहितीपुस्तक काढलं, तिसऱ्यांदा वाचलं. पुस्तकाचं म्हणणं: गाडी त्वरित सुरक्षित जागी थांबवा आणि अधिकृत सेवाकेंद्राशी संपर्क साधा. गाडी थांबलेलीच होती, सुरक्षित जागीच होती. म्हणून ते जपून, कडेकडेने, तिला सेवाकेंद्रात घेऊन गेले.

सेवाकेंद्र म्हणजे काचेची खोली, मऊ खुर्च्या आणि कुणालाच घाई नसलेली माणसं. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, “सर, किती जुनी आहे?” सेक्रेटरींनी सांगितलं. तिने तोंडाने नुसता ‘च्’ असा आवाज केला, आजारी माणसाला भेटायला आलेल्या लांबच्या नातेवाइकासारखा. मग गाडीला कॉम्प्युटर जोडला गेला. टाय लावलेला एक गृहस्थ पडद्याकडे बघत म्हणाला, “मोठ्या बॅटरीला त्रास होतोय.”

“कसला त्रास?”

“ते हा सांगत नाही. नुसतं त्रास होतोय म्हणतो.”

“मग उघडून बघा.”

“सर, या वयात उघडून बघण्यात अर्थ नसतो. नवीच घालायची. मागवावी लागेल, महिना लागेल.”

“मला शुक्रवारी सकाळी आठला हवी आहे.”

“महिना लागेल, सर.”

“माझ्या बहिणीचं ऑपरेशन आहे.”

“हो सर. महिना.” त्याने ते इतक्या नम्रपणे सांगितलं की भांडायला कुठे हात घालावा हेच सेक्रेटरींना कळेना. उद्धट माणसाशी भांडता येतं. नम्र माणूस म्हणजे ओली भिंत, कितीही ठोका, खिळा बसत नाही. ते घरी पोचतात तोच फोन आला. पलीकडे माणूस नव्हता, यंत्र होतं. आमच्या सेवेला पाचपैकी किती गुण द्याल? सेक्रेटरींनी एक दाबला. आपल्या नाराजीचं कारण बीपनंतर सांगा, असं यंत्र म्हणालं. सेक्रेटरी खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी कारण सांगितलं. सोमवारपासून सांगितलं. नियम चौदा सांगितला, ‘च्’ हा आवाज काढून दाखवला. शेवटी दम लागून ते थांबले तेव्हा यंत्र म्हणालं, क्षमस्व, आपला आवाज ऐकू आला नाही.

गुरुवारी हॉस्पिटलातून नर्सचा फोन आला. हा मात्र खऱ्या माणसाचा.

“उद्या पेशंटला उपाशी आणा. आणि एक सांभाळा, त्यांना ताण येईल, राग येईल असं काही करू नका. ब्लडप्रेशर वर असलं तर डॉक्टर ऑपरेशन करत नाहीत, परत पाठवतात. घरात कुणी चिडकं आहे का?”

“नाही,” सेक्रेटरी म्हणाले.

फोन स्पीकरवर होता. बायकोने त्यांच्याकडे एकदा पाहिलं. ताई आतून म्हणाली, “बाळ, खोटं बोलू नये डॉक्टरांशी.” सत्तरीतल्या माजी सेक्रेटरींना ‘बाळ’ म्हणणारं जगात हे एकच माणूस उरलं होतं, आणि त्याचा आवाज खणखणीत होता.

तेव्हापासून सेक्रेटरींवर चिडायची बंदी आली. चिडायला एवढा सुपीक आठवडा आयुष्यात दुसरा आला नव्हता, आणि नेमका त्यातच उपास.

संध्याकाळी बँकवाले पुन्हा आले. त्यांनी रात्रंदिवस विचार केला होता. मोठी बॅटरी मागच्या सीटखाली. तिला थंडी बाधली आहे. माणसाला थंडी बाधली तर आपण काय करतो? पांघरूण घालतो, शेकतो. “सीटवर दोन रजया अंथरा, वर गरम पाण्याच्या पिशव्या ठेवा. सकाळी बघा कशी उठून बसते.”

एरवी सेक्रेटरींनी या माणसाला जिन्यापर्यंत पोचवलं असतं. पण महिन्याची वाट बघायला सांगणाऱ्यांच्या तुलनेत हा निदान आजचा उपाय सांगत होता. बायकोने घरातल्या सगळ्या पिशव्या भरल्या. रजया अंथरल्या. ताईने आपली शाल काढून दिली. चौघांनी मिळून गाडीला निजवलं, आणि नियम चौदामध्ये रजईचा उल्लेख नसल्यामुळे नव्या सेक्रेटरींना खिडकीतून नुसतं बघत बसावं लागलं. आठवड्यातलं तेवढंच एक सुख.

शुक्रवारी सकाळी गाडी पहिल्या बटणाला सुरू झाली. लाल त्रिकोणसुद्धा दिसेना. बँकवाल्यांनी गॅलरीतून हात हलवला तो एखाद्या सर्जनसारखा. ताई मागे, आपल्या नेहमीच्या कोपऱ्यात, रजयांच्या ढिगावर बसली. तिच्यासाठी पिशव्या पुन्हा भरून घेतल्या होत्या. हीटर पूर्ण सोडला. काचा बंद. गाडीत अशी ऊब झाली की बायकोने स्वेटर काढला.

“कसं वाटतंय, ताई?”

“झकास. उगाच घाबरवत होतास आठवडाभर.”

निम्मं अंतर गेलं असेल. मागून एक घरघर सुरू झाली. आधी बारीक, मग कुणीतरी उशीत तोंड दाबून ओरडावं तशी. मग गाडी मंदावली. सेक्रेटरींनी पाय दाबला, गाडी आणखी मंदावली. एक सायकलवाला पुढे गेला. मग भाजीची पिशवी घेतलेल्या एक बाई चालत पुढे गेल्या आणि जाताना काचेतून आत डोकावून गेल्या. समोर लाल त्रिकोण लागला होता आणि खाली अक्षरं उमटली होती. सेक्रेटरींनी गाडी एका बंद दुकानासमोर कडेला घेतली आणि अक्षरं वाचली. पुन्हा वाचली.

“काय लिहिलंय?” बायकोने विचारलं.

“छान लिहिलंय,” सेक्रेटरी गोड आवाजात म्हणाले. त्यांच्या कपाळाची शीर ताठ झाली होती, पण आवाज साखरेच्या पाकात बुडवलेला. “फारच छान. बॅटरी जास्त तापली आहे म्हणे.”

“तापली?” ताई मागून म्हणाली. “मग बरंच झालं की. कालपासून तुम्ही तेच तर करत होतात.”

सेक्रेटरी हळूच उतरले. दार अजिबात न आपटता लावलं. मागचं दार उघडून ताईला हात धरून पुढच्या सीटवर बसवलं, बायकोला फुटपाथवर उभं केलं, आणि मग त्यांनी रजयांवर हात टाकला. चिडायची बंदी होती, रजया ओढायची नव्हती. एक रजई फुटपाथवर गेली, दुसरी तिच्यावर गेली, पिशव्या एकेक करून धपाधप गेल्या, शाल गेली. जाणाऱ्या एका गृहस्थाने थांबून रजई दाबून पाहिली आणि विचारलं, “कितीला?” सेक्रेटरींनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुढच्या कोपऱ्यापर्यंत मागे न बघता गेला.

सीट रिकामी झाली तरी हात थांबेनात. सीटच्या कडेला, ताईच्या कोपऱ्यात, दाराजवळ काहीतरी लोकरीचं होतं, ते त्यांनी धरलं आणि ओढलं. ते येईना. पुन्हा ओढलं. टर्रकन आवाज झाला आणि हातात एक टोपीसारखी वस्तू आली: पिवळीधमक, कडेला पोपटी झालर, चार कोपऱ्यांना नाड्या. जिथून ती निघाली तिथे काळ्या पट्ट्यांची एक जाळी होती. आणि त्या जाळीने श्वास घेतला. खरोखर घेतला, बुडता बुडता वर आलेल्या माणसासारखा, लांब आणि घशातून. घरघर थांबली.

माहितीपुस्तकाचं एक पान सेक्रेटरींच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. मागच्या सीटशेजारील जाळीतून मोठी बॅटरी थंड राहण्यासाठी हवा घेते, ती कोणत्याही कारणाने झाकू नये. हे पान त्यांनी तिन्ही वेळा वाचलं होतं आणि तिन्ही वेळा मनात म्हटलं होतं, हे लिहावं लागतं म्हणजे जगात काय एकेक मूर्ख असतील.

“बाळ,” पुढून ताई म्हणाली, “मागची टोपी निघाली वाटतं. आवाज आला.”

“कसली टोपी, ताई?”

“अरे, त्या भोकाची. त्याच्याजवळ बसलं की कमरेला गार झुळूक लागायची. मागच्या का त्याच्या मागच्या थंडीत विणून घातली. सरकू नये म्हणून फटींतून नाड्या ओवून गाठी मारल्या. चाचपत मारल्या, पण पक्क्या मारल्या.”

सेक्रेटरींच्या तोंडात एक वाक्य तयार झालं. ते एकच वाक्य होतं पण त्यात सगळं होतं: न्हाणीघरातली बॅटरी, घोटा पकडणारे नवे सेक्रेटरी, ओली भिंत, यंत्र, बँकवाल्यांचा हलणारा हात. वाक्य ओठांपर्यंत आलं. बायकोने त्यांचा दंड धरला आणि एवढंच म्हणाली, “ब्लडप्रेशर.”

सेक्रेटरींनी वाक्य गिळलं. ते घशातून खाली उतरताना बायकोला दिसलं, असं ती नंतर सगळ्यांना सांगत असे.

“निघाली, ताई,” ते म्हणाले.

“लाव मग परत.”

“येताना लावतो.”

रजया डिक्कीत कोंबून, काचा उघड्या टाकून, कुडकुडत, गाडीला थंड हवा पाजत ते निघाले. थोड्या वेळाने तिला पुन्हा पळायची शुद्ध आली. हॉस्पिटलच्या दारात आठ वाजून गेले होते, पण नर्सने आत घेतलं. ताईच्या दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला आणि म्हणाली, “अगदी छान. तरण्या माणसासारखं.” मग तिचं लक्ष सेक्रेटरींच्या चेहऱ्याकडे गेलं. तिने तोच पट्टा सोडवून त्यांना बांधला. आकडा बघितल्यावर ती शेजारच्या खाटेवरची चादर सारखी करून म्हणाली, “आडवे व्हा.” ताईचं ऑपरेशन झालं तेवढा वेळ सेक्रेटरी छताकडे बघत पडून होते आणि दर थोड्या वेळाने कुणीतरी येऊन त्यांनाच विचारत होतं, “कोणता डोळा?”

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईच्या डोळ्यावरची पट्टी निघाली. घरी आल्यावर ती खोलीखोलीतून फिरली. भिंतीला रंग कधी दिला, विचारलं. बायकोला म्हणाली, “अगं, तू किती वाळलीस.” सेक्रेटरींना म्हणाली, “तू नाही वाळलास.” मग खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीत बसून तिने चहा मागितला.

सेक्रेटरी याच घटकेची वाट बघत होते. डॉक्टरांची बंदी उठली होती. गिळलेलं वाक्य त्यांनी रात्री उगाळून आणखी धारदार केलं होतं. ते कपाटातून ती वस्तू घेऊन आले आणि ताईच्या मांडीवर ठेवली.

ताईने ती उचलली. उजेडाकडे धरली. उलटी केली, झालर ओढून पाहिली. तिचा चेहरा कडू झाला.

“हे काय रे ध्यान? कुणी विणलं? टाके बघ, एक इथे तर एक तिथे. आणि हा रंग. बाजारातून आणलंस? तुला ना कुणीही फसवतं, बाळ. घरात मी असताना विकत कशाला आणायचं असलं गबाळं?”

बायकोने डोळ्यांनी खुणावलं, राहू द्या. सेक्रेटरींना राहू देता आलं नाही.

“तूच विणलंस,” ते म्हणाले. “तीच ती टोपी. दोन थंड्या बॅटरीचं नाक दाबून बसली होती. तिच्यापायी आठवडाभर मी आणि ही गाडी दोघं मरता मरता वाचलो.” आवाज चढला होता, पण ठरवलेल्या वाक्यातलं एवढंच बाहेर आलं.

ताईने टोपी पुन्हा उजेडात धरली.

“मी तर बिस्किटी रंगाची केली होती,” ती म्हणाली. “सीटला शोभेल अशी.”

“ही बिस्किटी आहे?”

“नाही. आता दिसतंय ना मला.” तिने टोपी खाली ठेवली आणि दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, एका नव्या, स्वच्छ डोळ्याने. तिचाही आवाज चढला. “मला दिसत नव्हतं, म्हणून तर डोळा कापून घेतला. तुम्ही दोघं दोन थंड्या त्या गाडीतून फिरताय, रोज दार उघडताय, लावताय. एवढं पिवळंधमक, वर पोपटी झालर. तुमच्या डोळ्यांना काय झालं होतं?”

सेक्रेटरींनी बायकोकडे पाहिलं. बायको चमच्याने चहातली साखर ढवळत होती. ती कित्येक वर्षं बिनसाखरेचा चहा प्यायची.